एअर फिल्टर धुण्याची मजुरी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत मोटारसायकल ही चैन राहिलेली नाही. दुधाचे कॅन, खताची गोणी, शाळेची मुलं, दवाखान्यात न्यायची आई, सगळं तिच्यावरच. पश्चिमेला नाणेघाट-भीमाशंकरकडे चिखल आणि पाऊस, पूर्वेला आळेफाट्याच्या पुढे फुफाटा. साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाडीने किती धूळ ओढली असेल, हे तिचा एअर फिल्टर उघडल्यावरच कळतं.

या फिल्टरबद्दल आपल्याकडे दोन चुकीच्या सवयी रूढ झाल्या आहेत. जो धुवायचा तो नीट धुतला जात नाही, आणि जो धुवायचा नाही त्याला हवा मारून पुन्हा बसवला जातो. याला मेकॅनिकचं अज्ञान कारण आहे असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. दोष आपल्या खिशातल्या हिशेबाचा आहे.

आधी फरक समजून घेऊ. १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० या गाड्यांत फोमचा, म्हणजे स्पंजचा फिल्टर असायचा. या स्पंजची भोकं धुळीच्या कणांपेक्षा मोठी असतात. धूळ अडते ती त्याला लावलेल्या चिकट तेलामुळे. म्हणून धुणं हे अर्धंच काम आहे. स्पंज रॉकेलमध्ये बुडवून दाबायचा, पिळायचा नाही, पिळला की फाटतो. मग साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत पूर्ण वाळवायचा. त्यानंतर तेल लावायचं, सगळीकडे सारखं मुरेपर्यंत हाताने दाबायचं आणि जास्तीचं दाबून काढून टाकायचं. तेल राहून गेलं तर बारीक धूळ सरळ आत जाते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते, आणि गाडी निळा धूर सोडू लागते. तेल जास्त झालं तर हवा कोंडते आणि गाडी ओढत नाही.

अलीकडे हौशी मुलं कापडाच्या जाळीचे परदेशी फिल्टर बसवतात. के अँड एनसारखे. त्यांचंही गणित हेच आहे. सुती जाळी, तिला बेताचं तेल, धुवायला वेगळा साबण. कॉम्प्रेसरची हवा मारली तर जाळीचे धागे विसकटतात.

आताच्या बहुतेक गाड्यांत मात्र कागदाचा फिल्टर येतो. त्यातल्या अनेकांना कारखान्यातच तेल लावलेलं असतं. असा फिल्टर धुवायचाही नसतो आणि त्याला हवाही मारायची नसते, ठरलेल्या किलोमीटरनंतर बदलायचा असतो. तरीही गावोगाव तो फरशीवर आपटून, हवा मारून परत बसवला जातो.

हे का घडतं? धुण्याचं काम नीट केलं तर वाळायच्या वेळेसह अर्धा दिवस जातो. गिऱ्हाईक दोनशे-तीनशे रुपयांचा नवा भाग बिलावर दिसला तर कुरकुरत का होईना देतं. पण ‘फिल्टर धुऊन तेल लावलं, इतके रुपये’ असं म्हटलं तर उत्तर ठरलेलं असतं: “धुवायचे कसले पैसे?” वस्तूची किंमत आपल्याला समजते, हाताची समजत नाही. मग मेकॅनिक दोन मिनिटांत हवा मारून मोकळा होतो.

धुवायचाच झाला तर ते काम गॅरेजातल्या सगळ्यात लहान मुलाच्या वाट्याला येतं. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून त्याच्यापुढे पेट्रोलचा डबा ठेवतात. पेट्रोलने स्पंजही खराब होतो आणि हातही. त्यातल्या बेंझिनने कर्करोग होऊ शकतो, शिवाय एका ठिणगीचा धोका असतोच. हे मूल अनेकदा आपल्याच मोहल्ल्यातलं असतं. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांचा वाटा ज्या धंद्यांत जास्त दिसतो, त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. म्हणून फुकट धुण्याचा प्रश्न मला नुसता गाडीचा वाटत नाही.

जुन्नरला टाकाऊतून टिकाऊ करण्याची जुनी ओळख आहे. इथले कागदी मुसलमान जुनी गोणपाटं कुटून, धुऊन हातकागद बनवायचे आणि त्या कागदाला दूरवर मागणी होती. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि तो धंदा बसला. कागद वाईट नव्हता, त्यामागच्या मेहनतीचा दाम मिळेना. पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या फिल्टरचंही तेच होतंय.

काही जण म्हणतील, नवा कागदी फिल्टर घालावा आणि विषय संपवावा. कागदाचा असेल तिथे मीही तेच म्हणतो. पण जिथे फोम आहे तिथे चांगला फिल्टर फेकून देण्यात काय शहाणपण आहे? चांगली निगा राखली तर तो बरीच वर्षं टिकतो आणि उकिरड्यावरचा कचराही तेवढा कमी होतो.

गॅरेजवाल्या भावांना माझं सांगणं आहे की दरफलकावर ‘फिल्टर धुणे व तेल लावणे’ ही ओळ वेगळी लिहा आणि तिच्यापुढे रक्कम घाला. कागदी फिल्टर असेल तर “हा धुवायचा नाही” असं तोंडावर सांगा. पेट्रोलचा डबा बंद करा आणि पोराच्या हातात रबरी मोजे द्या. शक्य असेल तर त्याला शाळेत परत पाठवा.

आणि गाडीवाल्यांनी दोन गोष्टी कराव्यात. फिल्टर बसवण्याआधी “तेल लावलं का?” एवढं विचारावं. आणि बिलातली ती ओळ घासाघीस न करता द्यावी. इंजिन उघडायची वेळ आली की जे मोजावं लागतं, त्याच्यापुढे ही रक्कम काहीच नाही.