लेसरची कळ निमूटपणे का सोसायची?

मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागल्या की डॉक्टर लेसर सांगतात. गेलेली नजर त्याने परत येत नाही. उरलेली वाचवण्यासाठीच तो असतो. पण पहिल्याच खेपेला कळ मस्तकात गेली की रोजंदारीवरचा माणूस पुन्हा फिरकत नाही. आणि ठपका त्याच्यावरच : ‘अडाणी, तारखेला आला नाही.’ यास आमचा सक्त आक्षेप आहे.

भुलीचे थेंब डोळ्याचा वरचा भाग तेवढा बधिर करतात. दुखते ते पडद्यामागच्या नसांपाशी. उपाय डॉक्टरांना ठाऊक आहेत. लेसरची तीव्रता कमी करणे, काम दोन-तीन खेपांत विभागणे, आधी वेदनाशामक गोळी, सोसवतच नसेल तर डोळ्याभोवती भुलीचे इंजेक्शन. जुन्या पद्धतीत लेसरचा एक ठिपका साधारण १०० मिलिसेकंदांचा. पॅटर्न लेसरमध्ये तो २० चा, म्हणून दुखणेही कमी. ते यंत्र महाग आहे, मान्य. गोळीही महाग आहे काय?

समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की संमतीपूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय पुरेसे सांगितलेच पाहिजेत. तेव्हा बंधू-भगिनींनो, संमतीपत्रावर अंगठा उठवण्यापूर्वी विचारा : दुखू नये म्हणून काय देणार? आणि हात वर केला तर थांबणार ना?