ठाणे न सोडणारा वैद्य

सर्जन व्हाइस ॲडमिरल आरती सरीन यांनी १ ऑक्टोबर २०२४ रोजी सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेचे महासंचालकपद स्वीकारले, तेव्हा या हुद्द्यावर आलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचा यथोचित गौरव झाला. परंतु त्यांच्या दीर्घ सेवेतून समाजाने कोणता बोध घ्यावा, याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही, आणि सुरतेच्या नागरिकांनी तरी ती अवश्य करावी, असे मला वाटते.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात शिकून डिसेंबर १९८५ मध्ये सनद मिळवलेल्या या विदुषीने तेथेच क्ष-किरणनिदानाची व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात कर्करोगावरील किरणोपचाराची विद्या संपादन केली. भूदलात कॅप्टन, नौदलात सर्जन व्हाइस ॲडमिरल आणि वायुदलात एअर मार्शल असे तिन्ही दलांचे गणवेश धारण केले. कुलाब्याच्या ‘अश्विनी’ या नौदल रुग्णालयाचे आधिपत्य आणि पुण्याच्या आपल्या मातृसंस्थेचे संचालकपदही सांभाळले. दल बदलले, दफ्तर बदलले. जेथे तैनात होईल तेथे रुग्णाजवळ उभे राहण्याचे बंधन मात्र अबाधित राहिले.

या बंधनाचे मोल सुरतेने १९९४ च्या सप्टेंबरात जाणले आहे. प्लेगच्या धास्तीने लाखो माणसे नगर सोडून गेली, यंत्रमागावरचे आपले खानदेशी कामगार तापीकाठच्या रेल्वेने गावाकडे परतले आणि कित्येक खाजगी डॉक्टरांनीही दवाखाने बंद करून स्थलांतर केले, त्या वेळी रुग्णांचा भार मुख्यतः सरकारी इस्पितळातील निवासी डॉक्टरांनी व परिचारिकांनी वाहिला.

नागरी डॉक्टरांस लष्करी शिस्त लावता येणार नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि लष्करी वैद्याची निष्ठा केवळ हुकुमावर पोसली जात नाही, तिच्यामागे निवासाची, संरक्षणाची आणि कुटुंबाच्या आरोग्याची हमी सरकारने घेतलेली असते, हे विसरून चालणार नाही. कोलकात्यातील तरुण डॉक्टर स्त्रीच्या निर्घृण हत्येनंतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय कृतिदल नेमले, त्यात त्या वेळी नौदलाच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख असलेल्या सरीन यांचा समावेश व्हावा, हे म्हणूनच अत्यंत औचित्यपूर्ण होते.

तेव्हा ज्या शासनाला आणि महापालिकेला पुढच्या साथीत डॉक्टरांनी आपले ठाणे सोडू नये असे वाटते, त्यांनी रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरास चोख पहारा, विश्रांतीची सुरक्षित खोली आणि कामाचे मर्यादित तास यांची तरतूद आजच, साथ नसताना, आपल्या अंदाजपत्रकात करावी; कारण संकटकाळी कर्तव्याची आठवण करून देण्याचा अधिकार, शांततेच्या काळात आपले कर्तव्य बजावणाऱ्या कारभाऱ्यालाच असतो.