आधी कडी लावा

४ मे २०२३ला मणिपूरमध्ये जमावाने बायकांची विवस्त्र धिंड काढली. व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला, कारण मधले अडीच महिने तिथलं इंटरनेट जवळपास बंद होतं. मग आपण सगळ्यांनी संतापून स्टोरी टाकली. मीही टाकली. चोवीस तासांत ती आपोआप गेली. घरदार सुटलेली सुमारे ६० हजार माणसं मात्र कुठेच परत गेली नव्हती. त्यातली कित्येक दोन वर्षांनंतरही छावणीतच होती.

त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसात मदतीचा खोका आला. यादी: तांदूळ, डाळ, ब्लँकेट, जुने कपडे. मी ग्रुपवर लिहिलं, सॅनिटरी पॅड आणि आतले नवे कपडेही घेऊया. बराच वेळ शांतता. मग एका सीनियरचं उत्तर आलं, "आधी जीवनावश्यक तर पोहोचू दे."

माझं भांडण या 'आधी'शी आहे.

छावणी मैतेईंची असो वा कुकी-झोंची, पाळी काही रांगेत नंबर लावून येत नाही. बाळंतपणही नाही. अंधारात संडासला जायची भीती वाटते म्हणून बाई संध्याकाळपासून पाणीच पीत नसेल, तर पाणी पोहोचलं असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हे कुणाला ठाऊक नाही असंही नाही. मदतकार्याची 'स्फिअर' मानकं जगभर वापरली जातात. त्यांत लिहिलंय: २० माणसांमागे एक संडास, पुरुषांच्या एकामागे बायकांचे तीन, आतून कडी, पुरेसा उजेड. संयुक्त राष्ट्रांची १९९८ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की मदतीचं नियोजन आणि वाटप यांत बायकांचा पूर्ण सहभाग हवा. पण ती बंधनकारक नाहीत आणि देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी भारतात वेगळा कायदा नाही. म्हणजे कडी बसणार की नाही, हे कुणाच्या तरी चांगुलपणावर.

ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने मदत आणि पुनर्वसनावर देखरेखीसाठी तीन माजी महिला न्यायमूर्तींची समिती नेमली. त्यात मुंबई हायकोर्टाच्या शालिनी फणसळकर-जोशीही होत्या. चांगलंच झालं. पण तोवर हिंसाचार सुरू होऊन तीन महिने उलटले होते.

वापरणाऱ्याला न विचारता बनवलेलं अ‍ॅप आम्ही डेमोतच परत पाठवतो. छावणीत राहणारीला मात्र काही न विचारता आपण मदत पाठवतो, वर तिने आभार मानावेत अशी अपेक्षा.

पुढचा खोका येईलच. यादी वाचा. पॅड नसतील तर ग्रुपवर लिहा. शांतता पसरेल. पसरू दे. पुन्हा लिहा.