झाकलेली मोजदाद

बिअरच्या कारखान्यांतील किण्वपेशी, म्हणजे यीस्ट, मोजण्याचे काम सूक्ष्मदर्शकाला जोडलेला कॅमेरा आणि संगणक यांच्याकडे जात आहे. थेंब ठेवावा, कळ दाबावी, आकडा घ्यावा. ‘मानवी चूक संपली’ अशी द्वाही त्याबरोबर फिरवली जाते. मद्य इष्ट की अनिष्ट हा जुना वाद क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही द्वाही तपासून घेतलीच पाहिजे.

मोजणीची गरज खरी आहे. माल्टच्या अर्कात दर अंश प्लेटो घनतेमागे प्रत्येक मिलिलिटरला सुमारे १० लाख जिवंत पेशी, असा सर्वसाधारण हिशेब असतो. १२ अंशांच्या अर्काला १ कोटी २० लाख. पेशी कमी पडल्या तर किण्वन रेंगाळते आणि नको ते जंतू शिरकाव करतात. म्हणून हिमोसायटोमीटर नावाच्या, चौकटी आखलेल्या काचपट्टीवर ०.१ मिलिमीटर जाडीचा थर घेऊन कामगार डोळा लावून बसतो. मेथिलीन ब्लूने निळ्या झालेल्या मृत पेशी वेगळ्या धरतो. हे काम डोळे शिणवणारे आहे. ते यंत्राने केले म्हणून कोणाही समाजवाद्याने अश्रू ढाळण्याचे कारण नाही.

परंतु चूक डोळ्यात असते हे गृहीतच फसवे आहे. डब्लिनच्या गिनेस कारखान्यातील रसायनज्ञ विल्यम सीली गॉसेट यांनी १९०७ मध्ये ‘बायोमेट्रिका’त याच काचपट्टीवरील मोजणीच्या त्रुटीवर निबंध लिहिला. थेंबात पेशी कशा विखुरतात यातच अनिश्चितता असते, हे त्यांनी गणिताने दाखविले. १०० पेशी मोजल्या तर सुमारे १० टक्के, ४०० मोजल्या तर ५ टक्के त्रुटी नियमाप्रमाणे राहणारच, मग मोजणारा माणूस असो वा यंत्र. पेशी गुठळ्या करून बसल्या, टाकी नीट ढवळली नाही, तर त्याहून अधिक. यंत्राला अधिक चौकटी झरझर मोजता येतात, हा त्याचा खरा लाभ. पण चुकीच्या जागेवरून घेतलेला थेंब ते सुधारू शकत नाही. पडद्यावरचे दशांश स्थळ म्हणजे अचूकता नव्हे, एवढे तरी अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. यीस्टला अंकुर फुटतो. तो मातृपेशीच्या निम्म्याहून मोठा झाला तरच वेगळी पेशी धरावी, असा अनेक प्रयोगशाळांचा संकेत आहे. निळी छटा किती गडद झाली म्हणजे पेशी मेली समजावी, हाही निर्णयच. कामगार हा निर्णय उघड्यावर घेतो. शेजारचा त्याच्याशी वाद घालू शकतो. बंदिस्त यंत्रात तो निर्णय कोणीतरी दूरवर आधीच घेऊन ठेवलेला असतो आणि विकत घेणाऱ्याला तो दिसत नाही. वर अनेक यंत्रांना एकदाच वापरून फेकण्याच्या पट्ट्या लागतात. यंत्र एकदा विकायचे आणि खंड कायमचा वसूल करायचा, ही जमीनदारीची जुनी रीत प्रयोगशाळेत शिरते. मोठ्या कारखान्याला हा खर्च जाणवत नाही. चार टाक्यांचा लहान उत्पादक मात्र त्यात बांधला जातो.

ज्ञान झाकण्याची सवय या धंद्याला नवी नाही. गॉसेट यांना कंपनीच्या नियमामुळे स्वतःचे नाव लपवून ‘स्टुडंट’ म्हणून लिहावे लागले. संख्याशास्त्रातील प्रसिद्ध चाचणी आजही त्याच टोपणनावाने ओळखली जाते. पण त्याच धंद्यात दुसरी परंपराही आहे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढविले, तेव्हा मालक याकोबसेन यांनी ते स्पर्धकांनाही मोफत देऊ केले. तो मालक भांडवलदारच होता, हे आजच्या विक्रेत्यांनी ध्यानात घ्यावे.

आणि पर्याय स्वप्नातला नाही. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेत वेन रॅसबँड यांनी सार्वजनिक पैशातून उभी केलेली ‘इमेजजे’ ही प्रतिमा-विश्लेषणाची प्रणाली १९९७ पासून सर्वांना खुली आहे. साधा सूक्ष्मदर्शक, साधा कॅमेरा आणि ती प्रणाली एवढ्यावर पेशी मोजता येतात. अंकुराची व निळ्या रंगाची मर्यादा कोणती धरली, हे मोजणाऱ्याला स्वतः ठरविता येते आणि शेजाऱ्याला वाचता येते. सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या लहान कारखान्यांनी असा एक संच सामाईक ठेवला, तर फेकण्याच्या पट्ट्यांचे बिल कोणाला भरावे लागेल?