एका क्लासवर किती भार?

वेबसाइटचे प्रोग्रॅम लिहावयास शिकणारीं मुलें आतां पुष्कळ घरांत आहेत. भाषेचे नियम तीं सहज उचलतात. अडतें तें क्लास कसा आंखावा येथें, आणि येथेंच कित्येकांचा धीर सुटतो. क्लास म्हणजे कांहीं माहिती व तिच्यावर करावयाचीं कामें यांचें एकत्र बांधलेलें गांठोडें. नवशिका 'ग्राहक' नांवाचा एकच क्लास करितो आणि लॉगिन तपासणें, डेटाबेसमध्यें नोंद करणें, बिलाचा हिशेब, ई-मेल धाडणें, पान रंगविणें, सारें त्याच्याच गळ्यांत घालतो. एकाच सुनेवर घरचीं सर्व कामें लोटावीं (तशीं घरें आपणांस अपरिचित नाहींत!) तसाच हा प्रकार. मग पानाची मांडणी बदलावयास जावें तों बिलाचा हिशेब बिघडतो.

केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनीं १९८९ सालीं यावर एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. चार इंच रुंद व सहा इंच लांब असें एक कार्ड घ्यावें. वर क्लासचें नांव, डावीकडे त्याचीं कर्तव्यें, उजवीकडे ज्यांचें साह्य लागतें ते इतर क्लास लिहावे. नंतर 'ग्राहकानें खरेदी केली' असा एखादा प्रसंग कल्पून, कार्डें हातांत घेऊन, कोणाचें काम कोठें संपतें तें मोठ्यानें बोलून पाहावें. शब्द आटोपशीर करूनहि कर्तव्यें कार्डावर मावेनात, तर क्लास विभागावा. या खेळास संगणक लागत नाहीं. दोघां-तिघां भावंडांनीं बसून खेळावा.

वारशाचा मोह मात्र आवरावा. ग्राहकास पत्र धाडतां यावें म्हणून त्यास टपालवाल्याचा पुत्र करण्याचें कारण नाहीं. टपालवाल्याची मदत घेतली म्हणजे पुरे.