गुलवीरची वेळ जगज्जेत्यांपेक्षा भारी, मग तो जगज्जेता का नाही?

बेलग्रेड, २०२२: ७ मिनिटं ४१.३८ सेकंद. ग्लासगो, २०२४: ७ मिनिटं ४२.९८ सेकंद. नांजिंग, २०२५: ७ मिनिटं ४६.०९ सेकंद.

जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धेत पुरुषांच्या ३००० मीटर शर्यतीत ज्या वेळेला सुवर्णपदक मिळालं, त्या या तीन वेळा. आता चौथा आकडा पाहा. भारताचा गुलवीर सिंग फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनच्या इनडोअर ट्रॅकवर हेच अंतर ७ मिनिटं ३८.२६ सेकंदांत धावला.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की ‘गुलवीर नांजिंगला गेला असता तर सोनं पक्कं होतं’ अशी पोस्ट टाकायचा मोह होतो. तो जरा आवरा. गुलवीर नांजिंगच्या शर्यतीत नव्हता हे खरं. पण असता तरी या आकड्यांवरून निकाल सांगता येत नाही. का, ते समजलं तर लांब पल्ल्याच्या शर्यती बघण्याची नजरच बदलते.

आधी इनडोअर शर्यत म्हणजे काय ते पाहू. मैदानावरचा नेहमीचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो, छताखालचा २०० मीटरचा. म्हणजे ३००० मीटरसाठी १५ फेऱ्या. सरळ पट्टा जेमतेम सुरू होतो तोच पुढचं वळण येतं. वळणावर ट्रॅक आतल्या बाजूला उतरता केलेला असतो, नाहीतर या वेगात धावपटू बाहेर फेकला जाईल. जागतिक इनडोअर स्पर्धेत याहून मोठं अंतर नसतं.

आता साधं गणित. समजा, एखादा धावपटू पुढच्याला मागे टाकण्यासाठी आतल्या कडेपासून एक मीटर बाहेरून धावत राहिला. एका फेरीत त्याला साधारण ६ मीटर जास्त पडतात. पंधराही फेऱ्या असाच राहिला तर ९० मीटर. नांजिंगमध्ये नॉर्वेचा याकोब इंगब्रिग्त्सन आणि इथिओपियाचा बेरिहू अरेगावी यांच्यात फरक होता ०.१६ सेकंदाचा. त्या वेगात हे अंतर जेमतेम मीटरभर भरतं. कुठे थांबायचं, कुठे वाट धरायची आणि कोणत्या फेरीत सुटायचं, यावर पदक ठरतं ते असं.

घड्याळाची शर्यत आणि माणसांची शर्यत

बोस्टनमध्ये धावपटू येतात ते वेळ काढायला. अशा शर्यतींत पुढे ‘पेसमेकर’ असतो, म्हणजे ठरलेल्या वेगाने काही फेऱ्या खेचून बाजूला होणारा धावपटू. अनेक स्पर्धांत ट्रॅकच्या कडेला वेग दाखवणारे दिवेही पळतात. मागच्यांनी फक्त चिकटून राहायचं. अमेरिकेच्या ग्रँट फिशरने ८ फेब्रुवारी २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये ७:२२.९१ असा विश्वविक्रम केला, तोही पदकांच्या शर्यतीत नव्हे. त्याच महिन्यात बोस्टनमध्ये गुलवीरने ५००० मीटर १२:५९.७७ मध्ये पूर्ण केलं आणि १३ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय ठरला. ही कामगिरी मोठीच आहे, तिला कमी लेखायचं कारण नाही.

अजिंक्यपद स्पर्धेत मात्र पेसमेकर नसतो आणि दिवेही नसतात. पुढे जाऊन वारा खायला कुणीच तयार नसतं. बरेचदा सगळे एकमेकांवर नजर ठेवून रेंगाळतात आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत स्फोट होतो. जिंकणाऱ्याची एकूण वेळ सामान्य दिसते, कारण पहिला भाग हळू झालेला असतो. शेवटचा भाग किती भयंकर वेगाचा होता, हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

याचा पुरावा गुलवीरच्याच कारकिर्दीत आहे. मार्च २०२५ मध्ये त्याने १०,००० मीटरमध्ये २७:००.२२ असा राष्ट्रीय विक्रम केला. सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सचा जिमी ग्रेसिए हीच शर्यत २८:५५.७७ मध्ये जिंकला. गुलवीरच्या विक्रमापेक्षा जवळपास दोन मिनिटं हळू! तरीही गुलवीर १६ वा आला, २९:१३.३३ मध्ये. ५००० मीटरच्या प्राथमिक फेरीत पहिले आठ पुढे जाणार होते. तो नववा आला.

महाराष्ट्राने हा अनुभव त्याआधीच घेतला होता. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये यूजीनच्या जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत उतरला, तेव्हा त्याची सर्वोत्तम वेळ ८:१२.४८ होती. सुवर्णपदक गेलं ८:२५.१३ ला. साबळे ११ वा, ८:३१.७५ मध्ये. त्यानंतर महिन्याभरातच बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत शर्यत वेगवान झाली आणि साबळेने ८:११.२० मध्ये रौप्य जिंकलं. केनियाच्या अब्राहम किबिवोतपेक्षा तो अवघे ०.०५ सेकंद मागे होता. १९९८ पासून राष्ट्रकुलमधली या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच नेत होता. म्हणजे पाय तेच आणि माणूसही तोच, बदलली ती फक्त शर्यतीची जात.

सोळाशेची सवय

याची मुळं शोधायला बोस्टनला जायची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यातलं कामठा घ्या, किंवा विदर्भ-मराठवाड्यातलं कुठलंही गाव. थंडीत पहाटे रस्त्यावर पळणारी पोरं दिसली तर ती बहुधा भरतीची असतात. एकमेकांना विचारतात तेही ‘सोळाशे कितीत काढतोस?’ महाराष्ट्र पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत किंवा त्याआधी पूर्ण केलं की २० पैकी २० गुण. शेजारचा पुढे गेला काय, मागे राहिला काय, गुण घड्याळ देतं. (नांजिंगच्या ‘हळू’ शर्यतीचा सरासरी वेग धरला तर १६०० मीटर सुमारे ४ मिनिटं ९ सेकंदांत होतं, आणि त्यानंतर आणखी १४०० मीटर उरतं.)

साबळे आणि गुलवीर दोघेही लष्करातले. साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला आणि सियाचिनमध्येही राहिला. गावच्या रस्त्यावरून भरती, भरतीतून लष्कर, लष्करातून राष्ट्रीय संघ ही वाट भारताला धावपटू देते, यात शंका नाही. पण या वाटेवर जवळपास प्रत्येक टप्प्यावर विचारलं जातं ते एकच: वेळ किती? भरतीचा निकष वेळेचा, आंतरराष्ट्रीय स्पर्धेची पात्रता बऱ्याच अंशी वेळेची, बातमीही राष्ट्रीय विक्रमाची. शेवटच्या ४०० मीटरमध्ये पाच तगडे प्रतिस्पर्धी अंगाशी असताना काय करायचं, हे शिकायची जागा फार उशिरा येते.

आशियाई पातळीवर गुलवीरला ते जमतं. मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमीला त्याने १०,००० मीटर २८:३८.६३ मध्ये आणि ५००० मीटर १३:२४.७७ मध्ये जिंकलं. दोन्ही वेळा त्याच्या सर्वोत्तमपेक्षा बऱ्याच मागे, दोन्ही पदकं सोन्याची. जागतिक शर्यतीत मात्र शेवटच्या फेरीला असा जोर लावणारे दहा-बारा जण असतात.

म्हणून कसलेल्या प्रतिस्पर्ध्यांसोबत वारंवार धावायला मिळणं महत्त्वाचं ठरतं. साबळे आणि गुलवीर यांनी त्यासाठी अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्सला प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केला. युरोप-अमेरिकेत हिवाळाभर इनडोअर शर्यती चालतात आणि छोट्या ट्रॅकवर गर्दीत जागा काढायची सवय लागते. भारतात भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियम संकुलात आता २०० मीटरचा इनडोअर ट्रॅक आहे. तिथे नुसता सराव झाला तर आणखी काही विक्रम पडतील. दर हिवाळ्यात तिथे पेसमेकर नसलेल्या, फक्त क्रमांकासाठीच्या ३००० मीटर शर्यती झाल्या आणि परदेशी धावपटूही त्यात उतरले, तर पुढच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत भारतीय धावपटूची शेवटची फेरी वेगळी दिसू शकते.