सुटकेनंतरची सजा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातील टेंभली या लहानशा गावी, पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक वाटण्यात आले. कागदपत्रांवाचून राहिलेल्या आदिवासी माणसाला राज्यसंस्था यापुढे ओळखील आणि त्याचा हक्क दलालावाचून त्याच्या हाती पडेल, असे आश्वासन त्या समारंभाने दिले होते. त्या आश्वासनाची कसोटी पाहावयाची तर याच जिल्ह्यातील सर्वांत दुबळ्या माणसाकडे, म्हणजे तुरुंगातून नुकत्याच सुटून आलेल्या गरीब आदिवासीकडे पाहिले पाहिजे.

समजा, धडगाव तालुक्यातील एक पावरा शेतमजूर अडीच वर्षे कच्च्या कैदेत काढून जामिनावर बाहेर आला. अटकेच्या वेळी त्याचा मोबाइल मुद्देमाल म्हणून जप्त झाला. सलग नव्वद दिवस न वापरलेले सिमकार्ड बंद करण्याची कंपन्यांना मुभा असते, आणि बंद पडलेला क्रमांक पुढे दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. म्हणजे त्याच्या आधारशी जोडलेला क्रमांक आज कोणा परक्याच्या खिशात असण्याचा संभव आहे. त्याच्या नावाचा ओटीपी त्या परक्याकडे जाणार. दोन वर्षे व्यवहार झाला नाही म्हणून बँकेचे खाते निष्क्रिय ठरलेले. शिधापत्रिकेवरील प्रत्येकाने यंत्रावर बोट टेकवून ई-केवायसी करावी असा आदेश निघाला, तेव्हा हा गजांआड होता. १ जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारने रोजगार हमीची मजुरी आधार-जोड खात्यातूनच देण्याचे ठरविले, तेव्हाही तो आतच होता. ज्या महाराष्ट्राने १९७७ साली कामाच्या हक्काचा कायदा करून देशाला वाट दाखविली, त्याच महाराष्ट्रात या माणसाचे काम, धान्य आणि दाम ही तिन्ही एका हरवलेल्या क्रमांकापाशी अडून राहावीत, ही विटंबना नव्हे काय?

अडवणूक एवढ्यावर थांबत नाही. खटल्याच्या तारखा आता संगणकावर आणि मोबाइलवर पाहता येतात. ज्याला त्या पाहता येत नाहीत त्याने वकिलाच्या कारकुनाची मनधरणी करावी, किंवा पाड्यावरून एसटीचे भाडे खर्चून न्यायालय गाठावे. तारीख चुकली तर वॉरंट निघते आणि तुरुंगाचे फाटक त्याच्यासाठी पुन्हा उघडते. अज्ञानाची ही शिक्षा कोणत्याही न्यायाधीशाने सुनावलेली नसते. परंतु ती भोगावी मात्र लागते.

हा प्रश्न मूठभर गुन्हेगारांचा आहे, असे मानून चालणार नाही. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक न्यायाधीन बंदी होते. अर्थात चारांपैकी तिघांचा अपराध सिद्धच झालेला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असलेल्या माणसाचे सारे नागरी व्यवहार मोडून पडावेत, आणि ते पुन्हा सांधण्याची जबाबदारी कोणाचीच असू नये, हे कोणत्या न्यायात बसते?

तुरुंगात यंत्रे पोहोचलेली नाहीत, असेही नाही. बंद्यांच्या नोंदी संगणकावर आहेत, न्यायालयातील हजेरी पडद्यावरून होते, नातेवाइकांची भेटही पडद्यावरून होऊ शकते. कैद्याचे चित्र यंत्रात गेले. त्याचा हात मात्र यंत्रापर्यंत गेला नाही. ज्या विद्येने त्याच्यावर नजर ठेवली जाते, तीच विद्या त्याला नाकारली जाते. तुरुंग हा नेहमी असाच होता काय? नंदुरबार ज्या धुळे जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला, त्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. परक्या सरकारच्या तुरुंगाची शाळा होऊ शकली. मग स्वतंत्र भारताच्या तुरुंगाला ते का साधू नये?

न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ सालच्या आपल्या अहवालात सुटकेनंतरच्या देखभालीवर भर दिला होता. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिड-हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. यंत्रासमोर डोळ्यांची उघडझाप न करता येणारा माणूस वगळला जाऊ नये, हे तत्त्व मान्य झाले असेल, तर यंत्रापासून वर्षानुवर्षे सक्तीने दूर ठेवलेल्या माणसालाही ते लागू व्हावयास नको काय?

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल. सातपुड्यातील ज्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तेथील सरळमार्गी माणसालाच जे मिळत नाही, ते तुरुंगातून आलेल्याला आधी का द्यावे? परंतु एका वंचिताला दुसऱ्याविरुद्ध उभे करण्याची ही जुनी युक्ती आहे. सुटलेल्या बंद्यासाठी जी खिडकी उघडेल, तीच ऊसतोडीसाठी गुजरातेत जाऊन परतणाऱ्या मजुरालाही उपयोगी पडेल. मोबाइल तुरुंगात नेऊ द्यावा, अशीही ही मागणी नाही. बाहेरच्या जगाशी न जोडलेल्या संगणकावरही अक्षरे, अर्ज आणि पैशाचे व्यवहार शिकविता येतात. फसवणुकीचा फोन कसा ओळखावा, हेही शिकविता येते.

मागण्या साध्या आहेत. सुटकेपूर्वी तुरुंगातच आधारचा क्रमांक, बँकेचे खाते आणि शिधापत्रिकेवरील नाव तपासून दुरुस्त करून द्यावे. जामिनावर अचानक सुटणाऱ्यांसाठी हीच सोय तालुक्याच्या ठिकाणी असावी. शिक्षण मराठीबरोबर पावरी, भिली, मावची बोलणाऱ्या शिक्षकांकडून मिळावे. आणि ओटीपी आला नाही म्हणून कोणाचेही धान्य वा मजुरी अडविता कामा नये. कागदावरची पर्यायी वाट कायम खुली राहिली पाहिजे.

सरकार हे आपण होऊन करील, अशा भ्रमात कार्यकर्त्यांनी राहू नये. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा येथील बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडून बसणे अवघड नाही. सुटून आलेल्याचे आधार नोंदणी केंद्रापर्यंतचे, बँकेपर्यंतचे आणि विधी सेवा प्राधिकरणापर्यंतचे काम हाती धरून करावे. अर्ज मात्र त्याच्याच बोटांनी भरवून घ्यावा. नाहीतर एक दलाल जाऊन दुसरा येईल आणि टेंभलीचे आश्वासन होते तेथेच राहील.